कमरेला शिवलेला हात

ठमाबाई भांडायला उभी राहिली की तिचा उजवा हात आपोआप कमरेवर जायचा. डोंबिवली पश्चिमेच्या मासळीबाजारात हे सगळ्यांच्या ओळखीचं होतं. डावा हात हवेत फिरायचा, तोंडाचा पट्टा चालू असायचा आणि उजवा हात कमरेवर ठाण मांडून बसायचा. तो खाली आला की भांडण संपलं असं समजायचं आणि गिऱ्हाइकाने मुकाट्याने पिशवी पुढे करायची. मुकाट्याने अशासाठी, की त्याच हाताने ती सुरमई कापायची, आणि तिच्यासारखी एकसारखी तुकडी त्या बाजारात दुसरं कोणी पाडत नसे. निवृत्त बँकवाले साहेब पापलेटाच्या कल्ल्यात बोट खुपसून बघायला लागले की ती म्हणायची, "साहेब, मेलेल्याला कनाला गुदगुल्या करता?" साहेब हसायचे आणि तिच्याकडूनच घ्यायचे.

खाडीकाठच्या कोळीवाड्यात लग्न होऊन आली तेव्हापासून ती विळीवर बसत होती. नवरा भिवाजी गेला तरी तिची बाजारातली जागा चुकली नाही. मुलगा साईनाथ मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीत लागला आणि त्याने टिटवाळ्याची मुलगी करून आणली. हेमाली तिचं नाव. कोळ्यांची नव्हे. मासे खाणारी, पण कापणारी नव्हे. कोळीवाड्याने नाकं मुरडली तेव्हा ठमाबाईचा हात कमरेवर गेला होता, आणि नंतर त्या विषयावर कोणी तोंड उघडलं नव्हतं. पण बाहेरची ती बाहेरचीच, हे बायकांनी मनात जपून ठेवलं होतं.

त्या हाताला काटा लागला तोही भांडणापायीच. शिंगाळा टोपलीत टाकण्याआधी त्याचे काटे मोडायचे, हे कोळ्याच्या पोराला चालता येण्याआधी कळतं. ठमाबाई काटे मोडत होती आणि त्याच वेळी बाजारात शेजारी बसणाऱ्या रतनशी बर्फावरून वाद घालत होती. वाद रंगात आला, मासा हातातून निसटला आणि त्याचा काटा अंगठ्याजवळून हाताच्या पाठीत आरपार घुसला. तिने काटा उपटला, हळद-चुना लावला, फडकं बांधलं आणि उरलेली टोपली विकूनच घरी गेली.

हात सुजला. ताप चढला. हळद-चुना बदलून बदलून लावला तरी हाताची पाठ आधी लाल, मग निळी झाली. साईनाथने दवाखान्यात नेलं तोवर कातडी कुजायला लागली होती. डॉक्टरांनी मेलेलं सगळं काढून टाकलं. पट्टी बदलताना ठमाबाईने मान वळवली नाही, नीट बघितलं. मनगटापासून बोटांच्या मुळांपर्यंत कातडी नव्हती आणि बोटं उचलणाऱ्या शिरा पांढऱ्या दोऱ्यांसारख्या उघड्या पडल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांची कातडी सोलून पोट भरलेल्या बाईला त्यात नवीन काही नव्हतं. फक्त हे मांस आपलं आहे, एवढंच जरा वेगळं वाटलं, आणि मग तिला घाबरं झालं.

तिथून तिला ठाण्याला पाठवलं. तिथल्या प्लास्टिक सर्जन डॉ. मृणाल तिशीतल्या होत्या, बोलायला मऊ होत्या आणि मासे खात नव्हत्या. ठमाबाईने हे पहिल्या भेटीतच विचारून घेतलं आणि त्यांच्यावरचा विश्वास थोडा कमी केला.

"नुसती कातडी चिकटवून भागणार नाही," डॉ. मृणाल म्हणाल्या. "शिरा उघड्या आहेत. त्यांच्यावर जाड, रक्त खेळणारी कातडी पाहिजे. तुमच्या पोटाच्या कडेची कातडी तीन बाजूंनी सोडवायची, चौथी बाजू तशीच ठेवायची, आणि ती हातावर पसरून शिवायची. तीन आठवडे हात कमरेलाच राहील. तोपर्यंत पोटाचं रक्त ती कातडी जगवेल. मग हाताचं रक्त तिच्यात शिरलं की कापून हात मोकळा करायचा."

"आन नाय शिरला तर?"

"तर कातडी काळी पडून मरेल. मग बोटं वाचतील की नाही, सांगता येत नाही."

हेमाली शेजारी उभी होती. तिने सासूच्या खांद्यावर हात ठेवला. ठमाबाई एवढंच म्हणाली, "विळी धरता आली पायजे."

पुढे डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. साखर आहे का, रक्तदाब आहे का, आधी काही ऑपरेशन झालंय का. मग विचारलं, "तंबाखू खाता?"

ठमाबाई जवळजवळ उठून उभी राहिली. "तंबाखू? अगो बाय, त्या तंबाखूनंच माझा न्हवरा गेला. तोंड सडून गेला. त्याची चंची मी दोनदा खाडीत फेकलेली. माझ्या उंबऱ्यात तंबाखू येत नाय."

नवऱ्याची ती सगळी हकीकत ऐकल्यावर डॉ. मृणाल यांनी तंबाखूबद्दल आणखी खोदून विचारलं नाही. त्यांनी कागदावर खूण केली आणि त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ठमाबाई खोटं बोलली नव्हती. तिच्या घरात मागच्या पायरीवर एक जुना तवा होता. त्या तव्यावर ती तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, चाळायची आणि पावडरच्या रिकाम्या डबीत भरून ठेवायची. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, दुपारी गिऱ्हाईक नसताना, डोकं दुखलं तर, दाढ दुखली तर, कोणाचा राग आला तर, ती चिमूटभर मशेरी बोटावर घेऊन दात घासत बसायची. तिच्या आईने हेच केलं होतं, सासूने हेच केलं होतं, बाजारातल्या निम्म्या बायका हेच करत. तंबाखू म्हणजे भिवाजीच्या चंचीतला, चुना लावून दाढेत धरायचा तो. मशेरी म्हणजे दात घासणं. एकाच पानाचे हे दोन प्रकार आहेत हे तिला माहीत होतं, कारण पानं तीच विकत आणायची. पण माहीत असणं आणि तसं वाटणं यात बरंच अंतर असतं, आणि ते तिने कधी चालून बघितलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर तिने पाहिलं, उजवा हात कमरेच्या हाडाजवळ पोटाला शिवलेला होता आणि वरून चिकटपट्ट्यांनी बांधलेला होता. साईनाथ भेटायला आला, त्याने आईकडे बघितलं आणि त्याला हसू आवरेना. "आई, तू तर कायमची भांडायला उभी राह्यलीस."

ठमाबाईलाही हसू आलं. मग पोट हललं, हात ओढला गेला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

साईनाथच्या पाळ्या चालू होत्या, त्यामुळे ये-जा हेमालीच करायची. बाजारातली जागा रिकामी ठेवली तर दुसरं कोणी पाटी लावेल, म्हणून सकाळी ती तिथे बसायची. पहिल्या दिवशी तिने बांगडे असे कापले की रतनने तोंडाला पदर लावला. संध्याकाळी माशांचा वास साबणाने घालवून ती ठाण्याला यायची, भाकरी आणि माशाचं आंबट घेऊन. सासूला घास भरवायची, वेणी घालायची, बाजारात काय झालं ते सांगायची. ठमाबाई भाकरी चावता चावता विचारायची, "कोलबीला काय भाव केलास?" आणि उत्तर ऐकून कपाळावर डावा हात मारून घ्यायची.

डॉ. मृणाल सकाळ-संध्याकाळ येऊन कातडीवर बोट दाबायच्या. दाबलं की पांढरं व्हायचं, सोडलं की रंग परत यायचा. तो किती वेळात येतो ते त्या बघायच्या. पापलेट घेताना गिऱ्हाईक करतं तेच हे, ठमाबाईच्या मनात आलं. काही दिवसांनी करंगळीच्या बाजूची कड निळसर दिसायला लागली. कोणी सांगायच्या आधीच तिचं तोंड उतरलं. असा रंग आलेला मासा तिने संध्याकाळच्या अंधारातसुद्धा कोणाला विकला नव्हता.

"टोकापर्यंत रक्त पुरत नाही," डॉ. मृणाल म्हणाल्या. "घाबरू नका. एक मलम लावूया. छातीत कळ आली की जिभेखाली गोळी ठेवतात ना, त्याच जातीचं औषध आहे. बारीक रक्तवाहिन्या त्याने रुंद होतात. डोकं दुखेल. फार दुखलं तर नर्सला सांगायचं, आपण प्रमाण कमी करू."

मलम लावलं आणि दुसऱ्या दिवशी कडेवरचा निळा रंग खरंच फिका झाला. डॉ. मृणाल यांनी हेमालीलाही दाखवलं. पण ठमाबाईचं डोकं असं ठणकायला लागलं की कोणी आत बसून नारळ फोडतंय असं वाटावं. त्यात इस्पितळात आल्यापासून मशेरी नव्हती. वॉर्डात सगळ्यांसमोर काळं थुंकायची लाज वाटली म्हणून तिने डबी घरीच ठेवली होती. बिनमशेरीचं डोकं आधीच जड होतं, त्यावर हे मलम.

नर्सला सांगायचं असतं हे तिच्या ध्यानात होतं. पण सांगितलं तर औषध कमी करतील, आणि औषध कमी झालं तर हात जाईल, असा तिने हिशोब केला. डोकेदुखीवर तिच्याकडे तिचं घरचं औषध होतं. संध्याकाळी हेमाली आली तेव्हा ती हळूच म्हणाली, "उद्या येताना माझी डबी आन गो."

"इथे? डॉक्टर काय म्हणतील?"

"दात घासायला डॉक्टरला कनाला विचारायचा?"

हेमालीने डबी आणली. मशेरी लावल्यावर डोकं उतरलं. इतकं छान उतरलं की ठमाबाईने त्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईला भांडणाचे दोन किस्से सांगितले. नंतर दिवसातून किती वेळा डबी उघडली ते तिने मोजलं नाही. हेमाली पडदा ओढून वाडगा धरायची आणि नंतर वाडगा धुऊन आणायची.

कड पुन्हा निळी झाली. डॉ. मृणाल यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी टाके बघितले, हात कुठे ओढला जातोय का ते बघितलं, मलम वाढवलं. मलम वाढलं तशी डोकेदुखी वाढली, आणि डोकेदुखी वाढली तशी मशेरी वाढली. निळ्याचं जांभळं झालं. एका बाजूने औषध रक्ताची वाट उघडत होतं आणि दुसऱ्या बाजूने मशेरी ती वाट आवळत होती, आणि दोघांची ओढाताण त्या बोटभर कातडीवर चालली होती. वॉर्डातल्या कोणालाच ते माहीत नव्हतं.

एका रविवारी डॉ. मृणाल नेहमीपेक्षा लवकर आल्या आणि त्यांनी पडदा बाजूला केला. ठमाबाई खाटेवर बसलेली, उजवा हात कमरेला, डाव्या हाताचं बोट तोंडात, ओठांच्या कडेला काळं. हेमाली वाडगा धरून उभी. ठमाबाईला बोलता येईना. तिने भुवया उंचावून थांबायची खूण केली. डॉक्टर थांबल्या. ती थुंकली, चूळ भरली आणि म्हणाली, "दात घासतंय."

"हे काय आहे?"

"मशेरी."

"मशेरी कशाची करतात?"

"पानाची. भाजून."

"कसल्या पानाची, ठमाबाई?"

ठमाबाईने खिडकीकडे बघितलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. "तंबाखूच्या," ती म्हणाली, आणि तो शब्द तिने स्वतःच्याच तोंडून ऐकला.

डॉ. मृणाल ओरडल्या नाहीत. त्या स्टूल ओढून बसल्या. "मी इकडून नळ सोडतेय आणि तुम्ही तिकडून बंद करताय," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा नुसतं तंबाखू विचारून गप्प बसले. चूक माझीही आहे. पण इथे हे आणलं कोणी?"

भिवाजीची चंची खाडीत फेकणारी बाई ती. त्याच्या खाटेशी बसून, "एवढा सोडवला नाय तुला," असं त्याला शेवटपर्यंत ऐकवणारी. पडद्यापलीकडे सगळा वॉर्ड कान टवकारून होता. ठमाबाईने मान न उचलता हनुवटीने हेमालीकडे दाखवलं.

"हिनं आनली. मी नको बोललेली."

हेमालीच्या हातात वाडगा तसाच होता. तिने सासूकडे बघितलं, एकदाच. मग डॉक्टर तिला म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या दिसता. निदान तुम्ही तरी विचारायचं," आणि ती म्हणाली, "चुकलं, मॅडम." संध्याकाळी साईनाथला कळलं. वॉर्डाबाहेर तो बायकोला टाकून बोलला. ठमाबाईला आतून सगळं ऐकू येत होतं. आता सांगावं, असं तिला वाटलं. मग वाटलं, उद्या सांगू.

डबी गेली. नंतरचे दिवस वाईट गेले. डोकं फुटायचं, आणि ती रडायची नाही म्हणून चिडायची. नर्सला सांगितल्यावर मलम कमी झालं, आणि तरीही रंग सुधारत गेला. बरीचशी कातडी जगली. करंगळीच्या बाजूची पट्टी मात्र काळी पडून वाळली आणि ती कापून काढावी लागली. तीन आठवड्यांनी हात कमरेपासून सुटला तेव्हा डॉ. मृणाल म्हणाल्या, "चार बोटं चालतील. करंगळी वाकायची नाही. आणि हातावरच्या या नव्या कातडीला स्पर्श कळणार नाही, म्हणून गरम तव्यापासून जपायचं."

हात घरी आला तो असा, पाठीवर पोटाची गोरी, लुसलुशीत गादी बसवलेला. तुम्ही जाड झालात तर हातही जाड होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि कोळीवाड्यात त्यावर महिनाभर विनोद झाले. ठमाबाई रबरी चेंडू दाबत ओट्यावर बसायची. मागच्या पायरीवरचा तवा तिने भंगारवाल्याला देऊन टाकला.

हेमाली मात्र भांडली नाही. ठमाबाई वाट बघत होती. भांडण झालं असतं तर दोन शब्द तिने दिले असते, दोन घेतले असते, त्यात खरं काय ते निघून गेलं असतं. पण हेमाली चहा द्यायची, औषध द्यायची, वेणी घालायची. बाजारातल्या गोष्टी मात्र आता सांगत नव्हती. भाव विचारला तर भाव सांगायची आणि गप्प बसायची. ठमाबाईने आयुष्यात पुष्कळ तोंडं बंद केली होती, हे एक उघडायचं कसं ते तिला कळेना.

हात बरा झाल्यावर ती बाजारात जायला लागली. पण विळीवर हेमालीच बसायची. "तुम्ही पिशव्या भरा, आई. हात दमेल." पोरीचा हात आता बसला होता. तुकडी अजून जरा जाडच पडायची, पण गिऱ्हाईक सरावलं होतं. ठमाबाई शेजारी बसून पिशव्या भरायची आणि चार चालती बोटं घेऊन विळीकडे बघत राहायची. मागणार तरी कोणत्या तोंडाने.

एका संध्याकाळी बँकवाले साहेब आले. बऱ्याच दिवसांनी ठमाबाईला बघून त्यांना आनंद झाला. हात बघून त्यांनी विचारलं, "करंगळीला काय झालं?"

ठमाबाईने उत्तर द्यायच्या आधीच रतन पलीकडून म्हणाली, "काय व्हायचंय साहेब? सुनेनं वाट लावली. इस्पितळात मशेरी नेऊन दिली. म्हातारी नको नको म्हनत होती. बाहेरच्या पोरींना काय त्याचा?"

हेमालीची मान वर झाली नाही. ती सुरमईचं डोकं वेगळं करत होती, ते तिने वेगळं केलं आणि बाजूला ठेवलं. हे ती पहिल्यांदा ऐकत नव्हती, हे ठमाबाईला तिच्या हाताकडे बघूनच कळलं. हात थांबला नव्हता.

ठमाबाई उठली. उजवा हात वर आला आणि जिथे तीन आठवडे शिवलेला होता तिथे जाऊन बसला. आता रतनचं काही खरं नाही, असं सगळ्यांना वाटलं.

"रतन, तुझा काय चुकला नाय," ती म्हणाली. आवाज मात्र भांडणातलाच होता, शेवटच्या पाटीपर्यंत जाणारा. "चुकला माझा. मशेरी मीच मागवली. ती बोलली डॉक्टर काय म्हनतील, मीच विचारू नको बोलली. आन पकडली तेव्हा तिच्यावर ढकलला. मी खोटा बोलली. माझ्या न्हवऱ्याला तंबाखूवरनं मरेपर्यंत बोलली आन मीच तो दातांना लावीत होती. आता कोनी माझ्या सुनेचा नाव घेतला तर माझ्याशी गाठ हाय."

हात खाली आला. ती बसली. साहेबांनी उगाच एका पापलेटाच्या कल्ल्यात बोट घातलं, आणि या खेपेला त्यांना कोणी अडवलं नाही.

हेमालीने विळी पुसली आणि सासूपुढे सरकवली. वर उरलेली अर्धी सुरमई ठेवली. "साहेबांना तुमच्या हातचीच पाहिजे असणार," ती म्हणाली.

ठमाबाईने विळी पायाखाली धरली. पहिली तुकडी वाकडी गेली, दुसरी तिरकी. करंगळी मध्ये मध्ये ताठ उभी राहत होती. तिसरी बरी पडली. साहेब म्हणाले की घाई नाही, सावकाश होऊ दे. ती थोडा वेळ थांबली, हात विळीच्या पाटावर टेकवला आणि साहेबांना त्यांच्या मिसेसच्या गुडघ्यांबद्दल विचारायला लागली.

बोलता बोलता तिची नजर खाली गेली. हेमालीने आपला हात तिच्या हातावर ठेवलेला होता, त्या नव्या कातडीवर. कधी ठेवला, किती वेळ ठेवलेला होता, ठमाबाईला काहीच कळलं नव्हतं. ती साहेबांशी बोलत राहिली आणि तिने हात हलवला नाही.